कष्टाचं चीज

मराठी भाषेत 'चीज' हा शब्द जुना आहे आणि मुळात तो खायचा नाही. गवयी चीज गातो, ती स्त्रीलिंगी. कष्टाचं चीज होतं, ते नपुंसकलिंगी. आमच्या घराण्यात गाणं कुणाला नाही, आणि कष्ट सर्वांना आहेत. त्यामुळे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या या दुसऱ्या चीजाची वाट पाहत आलो. तिसऱ्या जातीचं चीज, म्हणजे चांदीच्या कागदातलं चौकोनी ठोकळ्याचं, आमच्या घरात आलं ते मुलांच्या हट्टापायी. आईनं त्याचा एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "साबण बरा हाय की रे ह्याच्यापरीस." विषय तिथंच संपला होता.

तो पुन्हा निघाला आमच्या कन्येमुळे. बी.एस्सी. झाली आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे, असं मी चारचौघांत सांगतो. ती मात्र चारचौघांत वेगळंच सांगते. जून महिन्यातल्या एका रविवारी तिनं जाहीर केलं, "बाबा, मी फ्रूट स्वर्ल चीजकेक ब्राउनी करणार आहे."

हे एका पदार्थाचं नाव आहे, हे समजायला मला थोडा वेळ लागला. आमच्याकडे पदार्थांची नावं सुटसुटीत. वडा. लाडू. धपाटं. इथं तर संयुक्त खात्यासारखी तीन-चार नावं लागोपाठ, आणि व्यवहार कोण करणार याचा पत्ता नाही. मग तिनं फोड करून सांगितली. खाली ब्राउनीचा थर, म्हणजे चॉकलेट, लोणी, साखर आणि नावापुरता मैदा. त्यावर क्रीम चीजचा पांढरा थर. त्यावर फळाच्या गराचे ठिपके टाकून सुरीच्या टोकानं नक्षी ओढायची, तो 'स्वर्ल'. मग सगळं ओव्हनमध्ये.

आई बाजूला तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "म्हंजे श्रीखंडाचा खरवस म्हण की."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. कुठल्याही नव्या खातेदाराची आधी माहिती काढायची, अशी मला सवय. ब्राउनीची काढली. ही बाई मूळची शिकागोची. १८९३ साली तिथं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. पामर हाउस या हॉटेलच्या मालकीणबाई बर्था पामर यांनी आपल्या आचाऱ्यांना फर्मावलं, की प्रदर्शनाला जाणाऱ्या बायकांच्या डब्यात नेता येईल असा, केकपेक्षा लहान आणि हातानं खाता येण्याजोगा पदार्थ करा. त्यातून ब्राउनी झाली, असं ते हॉटेल सांगतं. आता बघा, त्याच साली, त्याच शहरात, त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्म परिषद भरली आणि ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद बोलायला उभे राहिले. आपल्याला शाळेत त्यातलं अर्धंच शिकवलं. ही हकिगत मी घरात सांगितल्यापासून आईचा ब्राउनीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बराच निवळला.

क्रीम चीजची कुंडली त्याहून मजेदार. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध ब्रँडचं नाव फिलाडेल्फिया. पण ते तिथलं नव्हेच. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावात विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्यानं १८७२ च्या सुमारास ते प्रथम करून विकलं. फिलाडेल्फियाच्या दुधदुभत्याचा त्या काळी लौकिक होता, म्हणून पुढं ते नाव चिकटवलं. आमच्या चौकात कधी कोल्हापूर न पाहिलेला माणूस 'कोल्हापुरी' मिसळ विकतो, त्यातलाच प्रकार. माणसं सगळीकडे सारखीच.

भट्टीचं म्हणाल, तर ती आम्हाला अगदीच परकी नाही. नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. खुद्द सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं 'उस्मानिया बिस्किट' हैदराबादेत आजही चहात बुडतं. राज्यं गेली, बिस्किट राहिलं. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा असा सरंजाम पिशवीत भरून बेकरीत जाई. तिथं किलोमागं मजुरी ठरलेली. आपलं पीठ आपल्यासमोर मळायचं, नानकटाया थापून काळ्या पत्र्यावर मांडायच्या, आणि तो पत्रा लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून भट्टीच्या पोटात. माझी नेमणूक पत्र्यावर लक्ष ठेवायला असे. आमच्या तुपकट नानकटाया जाऊन दुसऱ्यांच्या कोरड्या येऊ नयेत म्हणून. आपला माल डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा हे बँकिंगचं पहिलं शिक्षण मला त्या बाकावर मिळालं.

कन्येनं मात्र ओव्हन घरातच आणला, तो स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून. त्यामुळे मला बोलायला जागा राहिली नाही. खरी अडचण पुढं होती. आम्ही राहतो विष्णुपुरीत. एका बाजूला गोदावरीवरचं धरण, दुसऱ्या बाजूला विद्यापीठ, १९८१ पासूनचं श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सरकारी मेडिकल. इथं इंजिनियर मिळतो, डॉक्टर मिळतो, पीएच.डी.चे मार्गदर्शक मिळतात. क्रीम चीज कोपऱ्यावर मिळत नाही. नांदेड शहरातल्या एका मोठ्या दुकानात मिळालं. पण त्या डबीची किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. चष्म्याचा दोष नव्हता.

तेव्हा आई उठली. किलोभर सायीचं दही तिनं धुतलेल्या पंचात बांधलं आणि रात्रभर खुंटीला टांगलं. सकाळी खालच्या पातेल्यात पाणी, आणि पंचात अर्ध्या किलोच्या आतबाहेर घट्ट चक्का. "हे घे तुजं फिला... काय ते." कन्येनं चाखून पाहिलं. आंबटपणा तोच, मऊपणा तोच. पाणी जरा जास्त, म्हणून तिनं साखरेबरोबर चमचाभर कॉर्नफ्लोअर घोटलं. चक्का फेटायचा नाही, नुसता घोटायचा. जास्त हवा शिरली तर भाजताना फुगतो आणि मग खचून तडकतो. हे ऐकून मला आमच्या कार्यालयातले दोन-तीन अधिकारी आठवले.

दुसरा प्रश्न अंड्याचा. ब्राउनीला बांधून ठेवायला अंडं लागतं, आणि आमच्या स्वयंपाकघराला बांधून ठेवायला अंडं नसणं लागतं. आईनं काही म्हटलं नाही. फक्त देवघराचं दार लोटून घेतलं. कन्येनं मुकाट्यानं अंड्याच्या जागी कंडेन्स्ड मिल्क आणि दोन चमचे दही घातलं. दार उघडलं.

राहिलं फळ. परदेशात ब्लूबेरी नाही तर रासबेरी घालतात. आमच्याकडे जून म्हणजे जांभळांचे दिवस. टोपली घेऊन बाई दारात बसली होतीच. जांभळं बियांपासून सोडवायची, गर साखर आणि लिंबाच्या चार थेंबांबरोबर आटवायचा, तो पळीवरून संथ पडू लागला की उतरवून पूर्ण गार करायचा. गरम घातला तर रंग पांढऱ्यात फुटतो आणि नक्षीऐवजी नुसता गिलावा होतो. जांभळाचा तुरटपणा चॉकलेटच्या गोडाला बरोबर लगाम घालतो. ब्लूबेरीला हे जमत असेल तर तिनं विष्णुपुरीला येऊन दाखवावं.

गराचे ठिपके टाकून झाले आणि कन्या सुरी घेऊन थबकली. हात थरथरत होता. आई म्हणाली, "आन इकडं. ठिपके मला कळतात." सत्तरीतल्या त्या हातानं रोज सकाळी उंबऱ्यापुढं रांगोळी घातलेली. सुरीचं टोक तिनं पांढऱ्या थरातून एकदाच, न उचलता फिरवलं. गोपद्मांची ओळ म्हणावी की वेल म्हणावी, असं काहीतरी जांभळं उमटलं. कन्येनं लगेच फोटो काढला. सौ.नं नवऱ्याला शेजारून बोलावतात तसं मला खुणेनं बोलावलं, "अहो, बघा." मी पाहिलं. चांगलं दिसत होतं. पण हिशेबात ते कुठल्या रकान्यात धरायचं, हे मला बी.कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

एकशे साठ अंशांवर भाजायला ठेवलं. पस्तिसाव्या मिनिटाला वीज गेली. कन्या रडवेली झाली. पण घट्ट लावलेल्या दारामागे उष्णता हळूहळू उतरत राहिली, आणि अर्ध्या तासानं पाहावं तर वरच्या थराला एकही तडा नाही, मधोमध किंचित थरथर. असंच हवं असतं, हे तिला नंतर वाचनातून कळलं. अमेरिकेतल्या गृहिणी चीजकेक तडकू नये म्हणून मुद्दाम बटण बंद करून तो ओव्हनमध्येच निवू देतात. त्यांना बटण दाबण्याचे कष्ट पडतात. आमची ती सोय बाहेरून होते.

मग रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, सोळा तुकडे. खाऊन झाल्यावर सगळ्यांच्या जिभा जांभळ्या. कुणी किती खाल्ले याचा पुरावा नष्ट करता येत नाही, हा या पदार्थाचा लेखापरीक्षणाच्या दृष्टीनं फार मोठा गुण आहे.

इथवर सारी हौस होती. मी दुधाच्या वहीत मागच्या बाजूला हिशेब मांडला: लोणी, चॉकलेट, चक्का, जांभळं, वीज (असताना). तुकड्यामागं काय पडलं ते काढलं, आणि वही कन्येला दाखवली. हेतू हा, की आकडा बघून ती अभ्यासाला बसेल. ती आकडा बघून वसतिगृहावर गेली आणि त्यात आपली मजुरी मिळवून दर सांगून आली. दोन डबे गेले. मग चार. जूनमध्येच तिनं आणि आईनं मिळून जांभळाचा गर डबे भरभरून फ्रीजरमध्ये कोंबला. माझ्या बर्फाच्या साच्याला तिथं जागा उरली नाही.

श्रावणात राखीच्या आदल्या आठवड्यात वसतिगृहातल्या मुलींनी बारा डबे मागितले. द्यायचे रविवारी संध्याकाळी. आणि रविवारीच सकाळी परीक्षा.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी बँकेच्या काउंटरमागं दोन दशकं काढली आहेत. काचेच्या अलीकडून पाहिलं की पगार दर महिन्याला येताना दिसतो, आणि धंदा कधी येतो, कधी येत नाही. चांगली चाललेली दुकानं बंद होताना मी पाहिली. त्यांची खाती माझ्याच हातानं बंद केली. मालक शेवटची सही करायला येतो तेव्हा त्याला पाणी विचारायची पद्धत आहे. ते पाणी उद्या कुणी माझ्या मुलीला विचारू नये, एवढीच माझी इच्छा. ही भीती हिशेबाच्या वहीत लिहिता येत नाही, म्हणून मी ती वेगळ्या शब्दांत सांगितली. म्हणालो, "दोन्ही दगडांवर पाय ठेवू नये."

आई चक्का घोटत होती. मान वर न करता म्हणाली, "कामून? चुलीला तर तीन दगड लागतात. एका दगडावर कुनाची चूल पेटली रे?"

यावर वाणिज्य शाखेत उत्तर नाही.

बारा डब्यांचा प्रश्न त्या पदार्थानंच सोडवला. तो रात्रभर गार व्हावा लागतो. म्हणून शनिवारी सगळं भाजून झालं. रविवारी कन्या परीक्षेला गेली, सौ.नं सुरी गरम पाण्यात बुडवली, मी डब्यांना दोरा बांधला, आणि आई, 'नक्षी मोडू नका' एवढंच म्हणत, खुर्चीवर देखरेखीला बसली. बेकरीच्या बाकावरची माझी जुनी नोकरी तिच्याकडे गेली होती. डबे पोहोचले. कन्या प्राथमिक परीक्षा पासही झाली. मुख्य परीक्षा अजून व्हायची आहे. त्यामुळे घरात सध्या दोन्ही पक्ष आपलाच विजय झाल्याचं मानतात.

तोवर तिला मोठा ओव्हन हवा आहे. मुद्रा योजनेत २०१५ पासून कर्जाचे तीन वयोगट आहेत: पन्नास हजारांपर्यंत शिशु, पुढं किशोर, मग तरुण. २०२४ मध्ये 'तरुण प्लस' निघालं तेव्हा चाळिशीतल्या कारकुनासाठी काही आलं, असं मला क्षणभर वाटलं होतं. कन्येचं 'शिशु'त बसतं, तारणही लागत नाही. "बाबा, तुम्हीच सांगा ना साहेबांना," ती म्हणाली. म्हटलं, "रांगेत ये. टोकन घे." नात्यातल्या माणसाचा कागद मी हाताळत नाही, तो शेजारच्या काउंटरवर गेला.

तिथल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्यानं विचारलं, "इथं 'व्यवसायाचा अनुभव' यात काय लिहिलंय हे? 'आजीच्या हाताखाली, एकवीस वर्षं'?"

"बरोबर आहे," कन्या म्हणाली. तिचं वय एकवीसच आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोटा मोजत होतो, आणि नोटा मोजताना बोलायचं नसतं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला, तारीख टाकली, आणि हळूच विचारलं की सोबत नमुना वगैरे काही जोडलाय का.

नमुना जोडायचा नाही, हे मी तिला घरूनच बजावलं होतं. त्यांना हवा असेल तर डबा विकत मिळतो. दर वहीत आहे.