विठ्ठलाची अक्षरे किती?

अभंगांची चरणवार अक्षरगणना करण्याच्या निमित्ताने मी अनेक वर्षे ‘सी’ भाषेत आज्ञावली लिहीत आलो. पुढे ‘पायथन’ शिकायला घेतली, तेव्हा अटी, आवर्तने, मोजणी हे सारे ओळखीचेच होते. नवे होते ते यंत्राचे बोलणे. निघालेले उत्तर पडद्यावर उमटवायचे कसे, एवढ्याशा ठिकाणी सरावलेला हात अडखळत होता.

‘सी’मधील ‘प्रिंटएफ’ मोठी कर्मठ. प्रत्येक मूल्याची जात टक्केचिन्ह लावून आधी सांगावी लागते आणि ओळ संपली हेही कळवावे लागते. पायथनची ‘प्रिंट’ जात विचारीत नाही. ओळही स्वतःच मोडते. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी ती कंसावाचून चालणारे स्वतंत्र विधान होती. त्या आवृत्तीत ती इतरांसारखेच एक फंक्शन झाली व कंस अनिवार्य ठरले. २०१६ च्या ३.६ या आवृत्तीपासून अवतरणापूर्वी ‘एफ’ लिहिला, की महिरपी कंसातले मूल्य वाक्याच्या ओघातच येते. व्याकरणातला हा बदल मला शैलीतला बदल वाटला.

खरी कसोटी लागली ती मराठीपाशी. प्रत्येक शब्द १० घरांच्या स्तंभात छापावा आणि उरलेली घरे रिकामी राहावीत, एवढीच माझी अपेक्षा होती. ‘विठ्ठल’ या शब्दात आपण ३ अक्षरे मोजतो. यूटीएफ-८ या संकेतनात त्याचे १८ बाइट होतात. ‘प्रिंटएफ’ बाइट मोजते, म्हणून एकही घर रिकामे सोडीत नाही. पायथन युनिकोडची चिन्हे मोजते: व, वेलांटी, ठ, पाय मोडल्याची खूण, पुन्हा ठ आणि ल. ही झाली ६. म्हणून ती ४ घरे सोडते.

दोन्ही हिशेब आपापल्या नियमाने बिनचूक आहेत. परंतु मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ आणि ४ अक्षरे असतात. पायथनचा आकडा जसाच्या तसा स्वीकारला, तर एकटा ‘विठ्ठल’च एक अख्खा चरण व्यापील! वेलांटी मागच्या व्यंजनाची आणि मोडलेला पाय पुढच्या व्यंजनाला जोडणारा, हा नियम मला आज्ञावलीत स्वतः लिहावा लागला; तेव्हा कुठे पडद्यावर ३ हा आकडा आला.

नव्या भाषेची उच्चाररीती थोड्या दिवसांत अंगवळणी पडते. मोजायचे काय, हे मात्र आपल्या परंपरेलाच विचारावे लागते. छंदाविषयीचा निष्कर्ष ज्या अक्षरावर उभा राहतो, ते अक्षर ठरवण्याचे काम समीक्षकाला यंत्रावर सोपवता येत नाही.