करवतीची मूठ

ऑफिसात परवा कुणीतरी विचारलं, "वीकएंडला तू करतेस तरी काय?" म्हटलं, सुतारकाम. खोटं नाही हो. माझ्या पॉइंट टू-टू स्पोर्ट पिस्तुलाची लाकडी मूठ गेले दोन महिने कानसतेय :)

२५ मीटरचं पिस्तूल. राही सरनोबतने २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं तोच प्रकार. (साम्य इथे संपलं.) माझ्या गोळ्या मात्र हटकून खाली-डावीकडे जायच्या. उजव्या हाताने मारणाऱ्यांचा हा जुनाच रोग, ट्रिगर ओढताना झटका बसतो.

आता मी पडले सॉफ्टवेअरवाली. बग दिसला की आधी सेटिंग बदलायची! ट्रिगरचा स्क्रू फिरवून ओढ हलकी केली. गोळ्या जरा मधे आल्या, कॉलर ताठ.

मग स्पर्धा. बाबा खास अमरावतीहून आले होते. सकाळच्या तपासणीत पिस्तूल कसंबसं पास झालं. ६० गोळ्या मारल्या, आयुष्यातला सगळ्यात चांगला स्कोअर. आणि नंतर पुन्हा तपासणी. नळी उभी धरून ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवतात, पिस्तुलाने ते उचलायचं, ट्रिगर सुटता कामा नये. तीन संधी मिळतात. माझा तिन्ही वेळा सुटला. किमान १००० ग्रॅम ओढ लागते हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं पाठ होतं. स्कोअर बाद. बाबांनी डबा उघडला आणि म्हणाले, "आधी जेव." त्याच्यापुढे काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी कोचनी नुसती माझी पकड पाहिली. तर्जनी लाकडाला टेकत होती. ट्रिगर ओढला की बोट मुठीलाही ढकलायचं. म्हणजे बग भलतीकडेच!

परदेशी साइट्सवर पार्ट बघून मन पाघळतं, खरंय. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच धरलेत. नळी म्हणजे काही मोबाइलचं कव्हर नव्हे. रेड डॉट तर या प्रकारात चालतच नाही, साधी उघडी साइटच लागते. उरली मूठ. तिलाही नियम आहेतच: तळहाताखालचा कट्टा मुठीशी ९० अंशांहून कमी कोनात नको, मनगटाला आधार नको. बाकी मोकळं रान.

नुसती मूठ सोडवून लकडगंजात गेले, कानस आणि लांबी घ्यायला. तिथल्या सुतारकाकांनी उलटीपालटी करून विचारलं, "कायची मूठ आहे जी ही? करवतीची?" मी हो म्हटलं. उगाच कुठे समजावत बसा!

बोटाजवळचं लाकूड काढलं, तळहाताच्या पोकळीत लांबी भरली, ओली असतानाच हात दाबून ठसा घेतला. दिसायला भयंकर आहे. ट्रिगर परत १००० च्या वर नेलाय, काठावर नाही, चांगला वर. गोळ्या अजून थोड्या डावीकडे जातात, पण खाली नाहीत.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "पुढची स्पर्धा कधी आहे? रजा टाकायला बरं."