सूर्य मावळायच्या आत

कोहका, शनिवार रात्र

भिंतीला पोपडे आले म्हणून आज गवंडी लावला होता. संध्याकाळी त्याची मजुरी लगेच चुकती केली. "काम पुरं झालं की एकदमच घे," हे जिभेवर आलं होतं. सगळेच तसं म्हणतात. पण बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलंय, आणि कारणही दिलंय: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. धर्मग्रंथात इतका रोकडा हिशेब सापडला की मला बरं वाटतं. वचनं पाठ असणारे पुष्कळ भेटतात (काही तर अध्याय-क्रमांकासकट अंगावर फेकतात). ती खिशापर्यंत पोचू देणारे कमी.

अशा कमी लोकांत पंडिता रमाबाई आठवतात. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन गेल्या. आमचा हा दुर्ग जिल्ह्याकडचा मुलूखही तेव्हा मध्य प्रांतातच. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. पुढे तिथल्या आपल्या मुक्ती मिशन या संस्थेत त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. खिळे जुळवायला, छापायला तिथल्याच बायका. काम हातावेगळं झालं आणि एप्रिल १९२२मध्ये बाई गेल्या. त्या मराठीबद्दल विद्वान काय म्हणायचं ते म्हणोत. माझं लक्ष तारखांकडे जातं. उपाशी मुलींची पंगत आधी बसली, भाषांतराला हात नंतर लागला.