साजरे

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण डोंगरावर राहणाऱ्याने केलेली नसणार. पायथ्याशी उभं राहूनच कुणीतरी ती म्हटली असेल. डोक्यावर हंडा घेऊन चढणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातलं 'दुरून' कधी आलंच नसेल. असल्फ्याच्या पायऱ्या चढताना हे मनात आलं, ते अजून जात नाही.

घाटकोपरला जाताना मेट्रोतून असल्फ्याची ही डोंगरावरची वस्ती दिसते. २०१७ च्या डिसेंबरात 'चल रंग दे' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तिथल्या भिंती रंगवल्या आणि लोक तिला मुंबईचं पॉझितानो म्हणू लागले. पॉझितानो मी पाहिलेलं नाही. इटलीतलंच, पण वर लिगुरियातलं व्हेर्नात्सा पाहिलंय. तिथे गाडी बोगद्यातून निघते ती थेट गावातच, त्यामुळे गाव म्हणून दिसत नाही. द्राक्षमळ्यांच्या वाटेने चढून मागे वळलं की समुद्रावर ओणवलेली गुलाबी, पिवळी घरं. माझ्या फोटोत मधोमध कपड्यांची दोरी आहे. तिच्यामुळेच तो फोटो मला आवडतो.

असल्फ्यात मी मोबाईल वर केला, तशी दारातली बाई म्हणाली, "ताई, थांबा जरा, कपडे काढते." मी "राहू द्या" म्हणेपर्यंत चिमटे तिच्या मुठीत आणि ओला परकर खांद्यावर. पिवळी भिंत मोकळी झाली.

साजरे म्हणजे सजलेले. सणही आपण साजराच करतो आणि त्याआधी घर आवरतो. तिने पाहुणीसाठी भिंत आवरली. व्हेर्नात्सात माझ्यासाठी कुणी काही आवरलं नव्हतं. त्या दोरीच्या मालकिणीला मी दिसलेच नव्हते. मग साजरं कुठलं?

डोंगर मात्र दोन्हीकडे खाली आलाय. १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसं गेली. २५ ऑक्टोबर २०११ ला व्हेर्नात्सा चिखलाखाली गेलं. ओस पडलेल्या मळ्यांचे दगडी बांध कुणी राखले नव्हते. बांध धरून आहे की सुटलाय, हे दुरून कळत नाही. रंगाने तर नाहीच.

असं म्हणून थांबले असते. पण परकर पुन्हा वाळत घालताना ती म्हणाली होती, "पोरगा आता पत्ता सांगताना म्हणतो, मेट्रोतून दिसतं ना, तेच आमचं घर." म्हणजे दुरून साजरं दिसणं तिच्या घरातही कुणाला हवं होतं.

काल मेट्रोच्या दाराशी उभी होते. रंग बराच उतरलाय. पिवळी भिंत सापडली. दोरीवर काही होतं का, ते कळायच्या आत गाडी पुढे गेली.