ओक्याबोक्या आकाशातली मोजणी

मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास शिरूर-दौंडच्या शिवारातून डोक्यावर, किंचित उत्तरेला बघितलं की अरुंधती केश दिसतो. आपल्या आकाशगंगेचा उत्तर ध्रुव तिथंच आहे. दुधाळ पट्टा तेव्हा क्षितिजालगत असतो, म्हणून हे आकाश अनेकांना ओकंबोकं वाटतं. तारे मोजणाऱ्याला मात्र यासारखं आकाश नाही. नजर आकाशगंगेच्या तबकडीतून सरळ बाहेर पडते आणि वाटेत धूळ फारशी लागत नाही. विल्यम हर्शेलनं १७८५ साली तारे मोजून आकाशगंगेचा नकाशा काढला, तर सूर्य जवळपास मध्यावर आला. त्याला धुळीनं चकवलं होतं; ती धूळ ट्रम्पलरनं १९३० साली दाखवून दिली.

नुसत्या संख्येवर माझा विश्वास नाही. तबकडी थोडी जाड आणि भोवतालचं प्रभामंडल थोडं विरळ धरलं, तरी बेरीज तीच येऊ शकते. फोड करतो तो रंग. विसाव्या प्रतीच्या, म्हणजे दिसायला सारख्याच मंद ताऱ्यांचा रंगानुसार आलेख काढला की दोन उंचवटे दिसतात, मध्ये खळगा. लाल उंचवट्यातले तारे मुळातच मिणमिणते, म्हणजे दोनेक हजार प्रकाशवर्षांवरचे, तबकडीतले शेजारी. निळसर उंचवट्यातले सूर्याच्या तोडीचे. तरीही इतके मंद, म्हणजे चाळीस-पन्नास हजार प्रकाशवर्षांवर, प्रभामंडलात. प्रत एकच, अंतर वीसपट! तो खळगा पडद्यावर उमटताना बघण्यात मला आजही अपार आनंद होतो.

बाहकॉल आणि सोनेरा यांचं आकाशगंगेचं १९८० सालचं प्रारूप तबकडी आणि प्रभामंडल एवढ्यावर भागवत होतं. १९८३ साली गिल्मोर आणि रीड यांनी आकाशगंगेच्या दक्षिण ध्रुवाकडचे तारे मोजले, तेव्हा तीनेक हजार प्रकाशवर्षांपलीकडे तारे अपेक्षेपेक्षा सावकाश विरळ होताना दिसले. त्यातून जाड तबकडीची कल्पना पुढे आली.

गाया यानानं १८० कोटींवर बिंदू नोंदवलेत, मग मोजायचं कशाला, असं विद्यार्थी विचारतात. विसाव्या प्रतीला गायाच्या मापनातली त्रुटीच दूरच्या ताऱ्याच्या पराशयापेक्षा, म्हणजे अंतर सांगणाऱ्या त्याच्या सरकण्यापेक्षा, मोठी असते. तिथं मोजणी आणि रंगच हाताशी उरतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, पण तिच्या कॅमेऱ्यात चंद्राच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आकाश मावतं. मोजणीला मोठ्या सर्वेक्षणांच्या याद्याच लागतात.

आणि यादी आधी निवडावी लागते. क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं, हुबेहूब ताऱ्यासारखे दिसतात आणि निळ्या बाजूला गर्दी करतात. लहानशा दीर्घिकाही मिसळतात. शिवाय कुठल्या प्रतीपासून यादीतून तारे गळू लागतात, हे पाहावं लागतं. नाहीतर दुर्बिणीची मर्यादा आकाशगंगेची कड म्हणून खपून जाते. एवढं झाल्यावरच मी प्रारूपाचा आलेख शेजारी ठेवतो.