धातू जुना, रबर नवं

जुन्या गाडीच्या बॉनेटखालून पेट्रोलचा वास आला, की आधी बॉनेट उघडायचं, किल्लीला हात नंतर. आमच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचा एसी पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलणारा पंप, मागच्या हिवाळ्यात गळायला लागला. या पंपाच्या अंगावर एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतला रबरी डायफ्राम फाटला की पेट्रोल तिथून ठिबकतं आणि मालकाला इशारा मिळतो. मी डिपस्टिक काढून हुंगली, तर ऑइललाही पेट्रोलचा वास. म्हणजे काही पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलं होतं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन पळवलं तर बेअरिंगांची वाट लागते. गाडी जागेवरच उभी ठेवली आणि पार्ट शोधायला बाहेर पडलो.

फियाट ११०० च्या घाटाची ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. शतक बदलताना उत्पादन थांबलं, तरी पार्टची ददात नव्हती, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर अख्खा बाजार चालत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईकच उरलं नाही, मग दुकानदारांनी माल भरणंही सोडलं.

पुण्यात नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानात मालकांनी शिडी लावून माळ्यावरून पंपाचं किट काढून दिलं. पुठ्ठ्याचा डबा, सील शाबूत, कंपनीचा जुना शिक्का. असा डबा हातात आला की जुन्या गाडीवाल्याचं मन लगेच विरघळतं. मी डायफ्राम उजेडात धरून कडेला हलकेच वाकवला. वाकल्या जागी केसाएवढ्या भेगा उमटल्या. रबर वापरलेलं नव्हतं, पण डब्यातच म्हातारं झालं होतं. मालकांनीही ते पाहिलं आणि म्हणाले, “हे नका नेऊ साहेब, आठवड्यात परत याल.” त्यांचा हा सरळपणा मला फार मोलाचा वाटला.

आता पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आज बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. पद्मिनीचे पाइप, डायफ्राम आणि पॅकिंग त्या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीला आतून गंज धरतो. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणून इंधनाच्या वाटेवरचं रबर ‘ओरिजिनल’ आहे, यात कौतुक करण्यासारखं काही उरलेलं नाही. गळती झाली तर खाली तापलेलं इंजिन असतं.

धातूचं मात्र उलट आहे. बाजारात मिळणारे काही नवे पंप मी हाताळून पाहिले. लिव्हरचं पोलाद मऊ, दोन भाग जुळतात त्या कडा वाकड्या. जुन्या पंपाची बॉडी त्याहून कितीतरी चोख. तेव्हा चांगली जुनी बॉडी शोधायची आणि आतलं रबर नवं घालायचं, असं ठरवलं.

बॉडी मिळाली कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या बाजूला एका गॅरेजात. तिथल्या चाचांचं आयुष्य टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलेलं. कोपऱ्यात मोडीत निघालेल्या टॅक्सींचे पंप रचून ठेवलेले. एकेक पंप उचलायचा, पेट्रोल आत येतं त्या नळीवर अंगठा दाबायचा, लिव्हर दाबून सोडायची आणि थांबायचं. अंगठा ओढल्यासारखा धरून राहिला तर व्हॉल्व्ह चांगला, लगेच सुटला तर पंप बाजूला. “रबर बदल जाएगा, सीट नहीं बदलेगी,” ते म्हणाले. सीट म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती बैठक. त्यांनी निवडून दिलेल्या पंपाचे व्हॉल्व्ह आजही पक्के बसतात.

डायफ्रामसाठी मुंबईतल्याच नागदेवी स्ट्रीटवरून व्हायटॉनची, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराची, कापडाचं अस्तर असलेली शीट घेतली. अस्तर हवंच, नाहीतर शीट ताणली जाते. जुन्या डायफ्रामच्या धातूच्या चकत्या मापाला ठेवून आमच्या गाडीच्या मिस्त्रींनी नवा डायफ्राम कापला आणि पंचने भोकं पाडली. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारा फायबरचा जाड तुकडा त्यांनी आवर्जून जुनाच ठेवला. तो इंजिनची उष्णता पंपापासून लांब ठेवतो आणि त्याच्या जाडीवरच लिव्हरचा स्ट्रोक ठरतो. तो पातळ झाला तर लिव्हरवर ताण येतो, जाड झाला तर घाट चढताना पेट्रोल कमी पडतं. पाइप सगळे नवे टाकले, इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचे, अंगावर आर९ छापलेले.

मग सोलेक्स कार्बोरेटर उघडला. फ्लोटची निडल झिजून तिच्या टोकाला कडं पडलं होतं, ती बदलली. थ्रॉटलचा स्पिंडल ढिला होता. तिथून हवा ओढली गेली की आयडलिंग कधीच स्थिर राहत नाही. लेथवाल्याने पितळी बुश बसवून तो सरळ केला. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. त्यात तार घातली की माप बिघडतं, म्हणून जेट फक्त हवेने साफ केले. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, तेव्हा प्लगचा रंग पाहून मिस्त्रींनी मेन जेट एका नंबरने वाढवला. गाडी आता गरम असतानाही एका किल्लीत चालू होते.

काही जण इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवायला सांगतात. त्याचा दाब तीन बारच्या आसपास असतो. कार्बोरेटरला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. एवढ्या दाबापुढे निडल टिकत नाही आणि पेट्रोल वरून वाहू लागतं. ते कधीही करू नये.

या शोधात मला पटलं ते एवढंच: पद्मिनी चालती राहील ती माळ्यावरच्या सीलबंद डब्यांच्या जोरावर नाही, तर चाचा, मिस्त्री आणि लेथवाला यांच्या जाणतेपणावर. पण टॅक्सी गेल्यावर ही माणसंही दुसऱ्या कामांना लागली आहेत. म्हणून मी डायफ्रामचा व्यास, भोकांमधलं अंतर, फायबरची जाडी, स्प्रिंगची लांबी, जेटचे नंबर, सगळं कॅलिपरने मोजून कागदावर उतरवलं आणि ओळखीच्या पद्मिनीवाल्यांना त्याच्या प्रती दिल्या. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर ती धडधाकट असतानाच हे करून ठेवा. माप हातात असलं की पार्ट बनवून घेता येतो.