टाळ एकाच बाजूला

थ्रिफ्ट स्टोअरमध्ये स्पीकर कुठं सापडतात हे मी आता डोळे मिटून सांगू शकतो. काचेच्या फुलदाण्या संपल्या की व्यायामाची सायकल लागते, तिच्यामागे जिगसॉ पझलची खोकी, आणि तिथंच खाली फरशीवर स्पीकर, भिंतीकडे तोंड करून. मास्तरांनी शिक्षा केलेल्या पोरांसारखे.

मी बोस्टनच्या पश्चिमेला, गाडीनं अर्ध्या तासावरच्या एका गावात राहतो. लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून धर्मादाय संस्था इथं पैसे उभे करतात, त्या दुकानांना थ्रिफ्ट स्टोअर म्हणतात. पुण्याच्या जुन्या बाजाराची आठवण येते, पण तिथं घासाघीस चालते. इथं किमतीच्या चिठ्ठ्या रंगीत असतात आणि दर आठवड्याला एखाद्या रंगाला निम्मी किंमत लागते. म्हणजे घासाघीस करायची ती कॅलेंडरशी. निळी चिठ्ठी असलेल्या वस्तूसाठी मी चार-चार दिवस जीव मुठीत धरून थांबलो आहे.

या भागात असं घबाड मिळतं, त्याला कारण आहे. 1954 साली एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस या दोघांनी बोस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. त्याआधी खोल खर्ज ऐकायचा तर कपाटाएवढं खोकं लागायचं. व्हिलचर यांनी छोटं खोकं हवाबंद केलं, पडदा सैल टांगला आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगच्या कामाला जुंपलं. पहिल्या प्रयोगात पडद्याच्या कडेला त्यांनी चक्क गादीचं कापड लावलं होतं. क्लॉस पुढे फुटून निघाले, 1957 मध्ये ‘केएलएच’ काढली, तिथूनही निघाले आणि 1967 मध्ये ‘अ‍ॅडव्हेंट’. सगळं केंब्रिजमध्येच. नाटक कंपन्या फुटून नव्या कंपन्या निघायच्या, तसला प्रकार. अकूस्टिक रिसर्चची हार्वर्ड स्क्वेअरजवळ ब्रॅटल स्ट्रीटवर एक खोली होती. कुणीही यावं, बसून ऐकावं आणि निघून जावं. तिथं विक्री होत नसे, आणि जाहिरातीतही तसं छापलेलं असे. गिऱ्हाइकाला नुसतं ऐकू देणारा दुकानदार, ही कल्पनाच मला अजून पचत नाही.

हे सगळे स्पीकर इथल्याच घरांमध्ये विकले गेले. आता ती पिढी घरं आवरते आहे, आणि स्पीकर माळ्यावरून, तळघरांतून थेट माझ्या वाटेत येऊन पडतात.

माझी पहिली जोडी अकूस्टिक रिसर्चची, एआर-2एएक्स. तिच्यावर मी शिकलो, म्हणजे तिची वाट लावली. या स्पीकरचा कागदी पडदा पन्नास वर्षांनंतरही ठणठणीत असतो, चुंबकाला काही झालेलं नसतं, लाकूड तर विचारूच नका. मरतं ते एकच: पडदा आणि लोखंडी चौकट यांना जोडणारं, बोटभर रुंदीचं फोमचं कडं. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या दमटपणानं पंधरा-वीस वर्षांत कुजतो. बोट लावलं की भुगा होतो, नाहीतर काकवीसारखा चिकटून बसतो. मालक गाणं लावतो, फाटका आवाज येतो, आणि स्पीकर गेले असं समजून तो ते दान करतो. नवीन कड्यांची जोडी गोंदासकट वीस-तीस डॉलरला मिळते.

कडं बसवणं सोपं वाटतं, पण पडद्यामागची तारेची गुंडाळी चुंबकाच्या फटीत नेमकी मधोमध तरंगत राहिली पाहिजे. ती फट केसाएवढी. त्यासाठी मधली टोपी ब्लेडनं कापून, गुंडाळीच्या आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या सरकवायच्या, कडं चिकटवायचं आणि गोंद वाळल्यावर पट्ट्या काढायच्या. मला वाटलं, इतकं कशाला, डोळ्यांना दिसतंय की मधोमध. दुसऱ्या दिवशी तबल्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला खर्र खर्र असा आवाज. गुंडाळी घासत होती. कडं फाडून पुन्हा सगळं केलं. शिवाय आतला फायबरग्लास हातमोज्यांशिवाय उपसल्यामुळे दोन रात्री कोपरापर्यंत खाजवत बसलो. वर त्या एआरच्या मागे मधल्या आणि बारीक स्वरांचा आवाज कमीजास्त करायची जी गोल बटणं असतात, ती आतून हिरवी पडलेली निघाली. तीही घासून साफ केली. हे बटणांचं लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

अ‍ॅडव्हेंट मिळाले ते गेल्या सप्टेंबरात. हिरवी चिठ्ठी, पन्नासचे पंचवीस डॉलर. एकेक 20 किलोच्या घरात. वरच्या अक्रोडाच्या लाकडावर कुंडीच्या पाण्याचं पांढरं गोल वर्तुळ. इकडे म्हाताऱ्या स्पीकरांचा शेवटचा हुद्दा बहुतेक कुंडी ठेवायचं स्टूल हाच असतो. घरी आणल्यावर बायकोनं पहिला प्रश्न विचारला, “यावर मनीप्लँट ठेवता येईल का?”

आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिनं कमरेवर हात ठेवून दोन्ही खोकी न्याहाळली. “अरे, लोक भंगारात देतात ते तू गाडी काढून घरात आणतोस?”

“आई, हे भंगार नाही. फक्त कडं कुजलंय.”

“तुझे वडील पण प्रत्येक रेडिओला हेच म्हणायचे,” ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला गेली.

या वेळी मी शहाणा होतो. तळघरात वर्तमानपत्र अंथरलं, मल्टिमीटर लावला. खर्ज वाजवणारे वूफर सहा ओमच्या आसपास दाखवत होते, म्हणजे तार शाबूत. जुना चिकटा लाकडी काडीनं आणि अल्कोहोलनं काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. घाई केली की कागद सोलतो, म्हणून तेवढंच करायचं, गप्प बसून. टोप्या कापल्या, पट्ट्या सरकवल्या, कडी आधी पडद्याला आणि मग चौकटीला चिकटवली आणि कपड्यांचे चिमटे गोलाकार लावून ठेवले. आई सकाळी चिमटे शोधत खाली आली, ते पाहिलं, काही बोलली नाही. कपडे खुर्च्यांवर वाळले.

जोडणी झाल्यावर एक परीक्षा असते, ती मला फार आवडते. वूफर दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत दाबायचा आणि सोडायचा. खोकं हवाबंद असेल तर पडदा टपकन येत नाही, झोपेतून उठल्यासारखा सावकाश परत येतो. दोन्ही आले. मग 30 हर्ट्झचा सूर बारीक लावून कान जवळ नेला. घासणं नाही. मी जिंकलो होतो.

पहिलं काय लावायचं, यावर चर्चा झालीच नाही. आईनं भीमसेन जोशींचे अभंग सांगितले. पखवाज सुरू झाला आणि बायकोसुद्धा ओट्यापासून वळून बघू लागली. त्या खर्जाला अंग होतं, जमिनीतून आल्यासारखा तो पायांना कळत होता. मी दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहत बसलो, लाज सोडून.

आई भुवया आकसून ऐकत होती. “टाळ एकाच बाजूला का वाजतायत रे?”

मी म्हटलं, रेकॉर्डिंगच तसं असेल.

“नसेल. डावीकडचा माणूस घोंगडी पांघरून गातोय.”

आई सांगलीच्या भजनी मंडळात तीस वर्षं टाळ वाजवते. मी डाव्या स्पीकरला कान लावला. खर्ज होता, गळा होता, पण वरचं काहीच नाही. बारीक स्वर वाजवणारा ट्वीटर मुका होता. दीड महिना मी फोम फोम करत होतो आणि मेला होता दुसराच.

आधी कपॅसिटरवर संशय. कपॅसिटर हा ट्वीटरच्या दारावरचा पहारेकरी, जाड स्वर अडवतो आणि बारीक आत सोडतो. जुन्या कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो. वूफर पुन्हा काढला, नवा कपॅसिटर सोल्डर केला. टाळ उजवीकडेच. मग ट्वीटरच गेला असं ठरवून चाळीस डॉलरचा जुना ट्वीटर मागवला. स्पीकर पंचवीसचे, ट्वीटर चाळीसचा. आईनं याचे रुपये करून पाहिले आणि ते मला मोठ्यानं सांगितले.

ट्वीटर यायच्या आधीचा रविवार. मी चहा टाकला होता. बाहेर आईनं अभंग लावले होते आणि ती फडकं घेऊन धूळ पुसत होती. परदेशातही धूळ असते याचं तिला समाधान आहे. ती डाव्या स्पीकरच्या मागे वाकली असावी, कारण एकदम करर्र असा आवाज आला. पुन्हा करर्र. आणि मग टाळ. डावीकडून, लखलखीत.

अ‍ॅडव्हेंटच्या पाठीवर एक छोटा खटका असतो, तीन जागांचा, बारीक स्वर कमीजास्त करायला. आतून तो काळा पडला होता. आईच्या फडक्यानं तो इकडून तिकडे गेला आणि पुन्हा जागेवर आला, तेवढ्यात धातूला धातू लागला. एआरची बटणं हिरवी पडलेली मी माझ्या हातांनी साफ केली होती, आणि इथं खटका बोटानं हलवूनसुद्धा पाहिला नव्हता. नंतर त्यात सफाईचा स्प्रे मारून तो पन्नासदा वरखाली केला, तेव्हापासून तक्रार नाही. नवा ट्वीटर मंगळवारी आला. खोक्यासकट खणात आहे.

पण त्या रविवारी मी चमचा हातात घेऊन ओट्याशीच उभा होतो. आईनं फडकं टाकलं, खोलीत गेली, आणि साडीत गुंडाळून बॅगेतून आणलेले स्वतःचे टाळ घेऊन आली. दोन स्पीकरांच्या मधोमध उभी राहून तिनं ठेका धरला. डावे कुठले, उजवे कुठले आणि तिचे कुठले, ते मला आतून कळेना. चहा उतू गेला.